राऊत भाऊसाहेबांचा कवठी चाफा

झाडांची हौस असलेल्या माणसांच्या घरी जाताना मी हातात वेळ ठेवून जातो. चहा आत निवत असतो आणि आपण अंगणात कुठल्याशा काडीपुढे वाकून उभे असतो. आपल्याला ती काडीच दिसते. त्यांना तिच्यावर पुढच्या साली येणारी फुलं दिसत असतात, आणि ती आपल्यालाही दिसली पाहिजेत असा त्यांचा आग्रह असतो.

अशा माणसांच्या जाती असतात. भाजीवाले आपल्याला पडवळाची लांबी दाखवतात आणि जाताना एक तुकडाही देत नाहीत. गुलाबवाले त्याहून वरचे. मुरबाडच्या सरकारी दवाखान्यातले तेव्हाचे डॉक्टर गुलाबवाले होते. प्रत्येक कुंडीत त्यांनी पत्र्याची पाटी रोवली होती आणि पाटीवर विलायती सरदार-सरदारणींची नावं रंगवली होती. त्यांच्या अंगणात शिरलं की आपण दरबारात टोपी काढायची विसरलो आहोत असं वाटे. राऊत भाऊसाहेबांना एकदा त्यांनी आग्रहाने हा दरबार दाखवायला नेलं. भाऊसाहेब सगळ्या कुंड्यांवरून शांतपणे फिरले आणि निघताना म्हणाले, "पाट्या छान आल्यात."

हे राऊत भाऊसाहेब मुरबाडच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून शहापूरहून बदलून आले, ते महाराष्ट्र राज्य होण्याच्या जरासं आधी. मी त्याच कचेरीत साधा कारकून होतो आणि भोईरांच्या घरी भाड्याने राहत होतो. भोईरांनी आपल्या घराच्या मागे, न्हाणीच्या बाजूला, ओळीने चार खोल्या काढल्या होत्या. एकीत मी एकटा. माझ्या शेजारच्या दोन राऊतांनी घेतल्या.

त्यांचं सामान आलं त्या दिवशी आळीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. एका बैलगाडीत सगळा संसार मावला होता. मागच्या दोन गाड्यांत डबे होते. घासलेटचे, वनस्पती तुपाचे, बिस्किटांचे, एक तर चक्क गळकी घागर, आणि प्रत्येकात एक झाड. मोगरा, तगर, अबोली, गवती चहा, लिंबू, कढीपत्ता. संसाराच्या गाडीत पुढे राऊतवहिनी बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर एक मोठा चौकोनी डबा होता. त्यातलं झाड त्यांच्या डोक्याच्याही वर गेलं होतं. लांबट, जाड, गर्द हिरव्या पानांचं झाड. पानांतून त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त आवाज आला.

"आधी हा उतरवून घ्या. मग मी उतरते."

तो कवठी चाफा होता. भाऊसाहेब केळव्याकडचे. समुद्राकाठची पिढीजात वाडी, पाटाचं पाणी, झाडाखाली झाड. भावांच्या वाटण्या झाल्या, भाऊसाहेब नोकरीत, आणि वाडी ज्यांनी कसली त्यांच्याकडे राहिली. भाऊसाहेबांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मात्र वाडीतल्या कवठी चाफ्याची एक गुटी, फांदीची साल काढून तिथे ओली माती बांधून मुळं फुटवलेली, त्यांनी आणली होती, आणि मोखाडा, जव्हार, शहापूर असे सगळे तालुके ती त्यांच्याबरोबर हिंडली होती. कवठी चाफा मी तोवर पाहिला नव्हता. अंड्याएवढी पांढरी कळी येते, दिवेलागणीला उमलते, एका फुलाच्या वासाने सगळं घर भरतं आणि सकाळपर्यंत पाकळ्या खाली. हे सगळं मला ऐकूनच माहीत झालं, कारण त्या झाडाला फूल कधी आलंच नव्हतं.

सगळी झाडं डब्यात का, असं मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं. भोवती एवढं अंगण मोकळं पडलेलं.

"बदलीच्या माणसाने जमिनीत काही लावू नये," ते म्हणाले. "एकदा जव्हारला लावली होती जाई. मांडवावर चढली आणि हुकूम आला."

"मग?"

"मग काय. ती अजून तिकडेच आहे."

हे त्यांनी एखाद्या मुलीबद्दल सांगावं तसं सांगितलं. चाफ्याची गोष्ट तर त्याहून निराळी होती. तो स्वतःच्याच जमिनीत लावायचा, हे ठरलेलं होतं. शहापूरला असताना आगरा रस्त्यापासून थोडी आत, आंब्याखालची एक जागा त्यांनी बघून ठेवली होती. तिथे घर होणार होतं. घराचा नकाशा अजून झाला नव्हता. चाफा न्हाणीच्या कोणत्या अंगाला येणार हे मात्र नक्की होतं.

कचेरीत भाऊसाहेब कमी बोलत. बोलले तरी समोरच्याकडे न बघता खिडकीतून कडुनिंबाकडे बघत, त्यामुळे नव्या माणसाला आपला अर्ज कडुनिंबाच्या विचाराधीन आहे असं वाटे. "कसं काय, ठीक?" असं ते कोणाला विचारत नसत. त्यांचा प्रश्न असे, "पाणी घातलंत?" कारण त्यांच्या घरी आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जात नसे. त्याला एक रोप मिळे आणि रोपाबरोबर जन्माची काळजी. पुढे ते त्याच्या घरी जात ते त्याला नव्हे, रोपाला भेटायला. ट्रेझरीतल्या एका कारकुनाची अबोली मेली, तर तो बिचारा कितीतरी दिवस बाजाराच्या लांबच्या रस्त्याने कचेरीत येत होता.

फिरतीवर गेले की ते माती आणत. दप्तराच्या पिशवीत वर कागद, खाली माती. शेणव्याची माती भुसभुशीत, धसईची चिकट, उंबरमाळीच्या जंगलातला कुजलेला पाला सगळ्यांत उत्तम, असं शहापूरपासूनचं त्यांचं मोजमाप होतं. ही पिशवी चिंधू शिपायाच्या खांद्यावर असे. एकदा धसईच्या बाजारातून परतताना एसटीत सगळ्यांदेखत तो म्हणाला, "भाऊसायेब, लोक धसईवरून तांदूळ आनतात, भाजी आनतात. आपुन माती आनतो. मुरबाडात काय माती नाय?"

"आहे रे. पण तिच्यात दगड फार."

"मंग तांदळात नाय का दगड? निवडतोच ना आमी?"

एसटी हसली. भाऊसाहेबही हसले आणि पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला की ते डब्यांच्या मधोमध पाटावर बसून आंघोळ करत. अंगावरून उतरलेलं पाणी ओंजळीने भोवतालच्या डब्यांत. ज्यांच्यापर्यंत पाणी पोचलं नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी पाट हलवायचा. वहिनी ओट्यावरून मला म्हणायच्या, "बघा भावोजी, साबण लावायची बंदी आहे. मोगऱ्याला सोसत नाही."

वहिनींचं आणि त्यांचं रोजचं भांडण देवाच्या फुलांवरून. भाऊसाहेब फूल तोडत नसत. त्यांना ते जमतच नसे. हात पुढे जाई आणि पानं सारखी करून मागे येई. वहिनी पहाटे उठून त्यांच्या आधी फुलं काढत. उठल्यावर ते ओळीने डबे बघत येत आणि बरोबर थांबत.

"इथली दोन गेली."

"देवाला वाहिली. चोरून माहेरी नाही पाठवली."

"देवाला वास झाडावरूनही येतो."

"मग नैवेद्यही त्याला चुलीवरूनच दाखवते. तुम्हीही तसेच जेवा."

एकदा मात्र वहिनी चेष्टा सोडून बोलल्या होत्या. आम्ही ओट्यावर बसलो होतो आणि भाऊसाहेब चाफ्याची पानं ओल्या फडक्याने पुसत होते. "लग्न होऊन केळव्याला आले," त्या म्हणाल्या, "तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशी याच्या आईचं फूल माझ्या केसांत घातलं. पाकळ्या गळू नयेत म्हणून दोरा गुंडाळून. तेवढं एकच. मग यांची नोकरी लागली." आणि थोड्या वेळाने, "याचं एक माळीन म्हणते, तर हा आमच्यासारखाच. बिऱ्हाडकरू."

चाफा तेव्हा खरंच बरा नव्हता. नवी पानं बारकी येत, जुनी कडेने करपत. भाऊसाहेबांना कारण माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्याइतकं ते कोणालाच माहीत नव्हतं. पण ते खत बदलत, सावली बदलत, डबा न्हाणीच्या डाव्या अंगाचा उजव्या अंगाला नेत. जमिनीचं नाव काढत नसत.

त्याच सुमारास तालुक्याला जिल्ह्याहून एक बडे पाहुणे यायचे ठरले. कुठल्याशा इमारतीची कोनशिला बसवायची होती. इमारत पुढे झाली नाही. कोनशिला अजून असेल. आमच्या तेव्हाच्या मामलेदारसाहेबांना झाडांची आवड नव्हती, झाडं असलेल्या फोटोची होती. व्यासपीठ हिरवंगार दिसलं पाहिजे असा त्यांनी हुकूम काढला आणि राऊतांचे सगळे डबे गेरूने रंगवून मांडवात आणवले. चाफा सर्वांत उंच, म्हणून तो ध्वनिक्षेपकाशेजारी. पावसाळा चालू होता, पण त्या दिवशी नेमकं ऊन कडकडीत पडलं. पाहुणे वृक्षसंपत्तीवर बोलू लागले. ते इतके बोलले की समोरच्या ओळीतली तगर माना टाकून ऐकू लागली. भाऊसाहेब मांडवाच्या टोकाला उभे होते. त्यांचं लक्ष भाषणाकडे नव्हतं, आणि हे पाहुण्यांच्या लक्षात आलं नाही, कारण कोणाचंच नव्हतं.

हारतुरे झाले, मोटार गेली आणि मग जे नेहमी होतं ते झालं. येताना जे सावकाश, जपून मांडलेलं असतं ते जाताना घाईने उचललं जातं. मांडववाल्याच्या माणसाने चाफा खोडाला धरून उचलला. खालचा पत्रा किती वर्षांचा गंजलेला. झाड वर आलं आणि डबा व्यासपीठावर राहिला.

मी तिथेच होतो. मातीचं काही फारसं उरलं नव्हतं. मुळं एकमेकांभोवती फिरून फिरून इतकी घट्ट झाली होती की त्यांनीच चौकोनी आकार घेतला होता. कोपरे सुद्धा होते. पत्रा गेला तरी डबा शिल्लक होता.

भाऊसाहेबांनी अंगातला कोट काढला, तो मुळांभोवती गुंडाळला आणि ते झाड उभं छातीशी धरून बाजारातून घरी चालत आले. मी मागून त्यांची छत्री घेऊन. झाड वहिनींच्या स्वाधीन करून ते तसेच परत बाजारात गेले आणि वाण्याकडून एक नवा डबा घेऊन आले.

वहिनी पायरीवर बसल्या होत्या. चाफा भिंतीला टेकलेला.

"नवा मिळाला," भाऊसाहेब म्हणाले.

"दिसतोय."

"मोठा आहे चांगला. काही वर्षं निघतील."

"आणि मग?"

"तोवर शहापूरचं होईल."

वहिनी काही वेळ त्या कोऱ्या डब्याकडे बघत राहिल्या. मला उठून जायचं होतं, पण त्यांच्या पायरीवरूनच माझी वाट होती.

"माझं राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला सवय झाली डब्यात राहायची. त्याला तरी भुईत जाऊ द्या."

पडवीत भोईरांची आजी वाल सोलत बसली होती. घर तिचं, अंगण तिचं, त्यामुळे मध्ये बोलायचा हक्कही तिचा. ती म्हणाली, "लावा हो भाऊसायेब. न्हानीच्या अंगाला लावा, पानी फुकट चाललाय. माजी भुई काय कुटं जात नाय. तुमी बदलीवर जाल, ती हितंच र्‍हाईल."

"तेच तर, आजी," भाऊसाहेब म्हणाले.

मग त्यांनी नवा डबा पायरीवर ठेवला आणि आजीकडे कुदळ मागितली.

लावल्यावर चाफ्याने सगळी पानं टाकली. नुसता खुंट उभा. भाऊसाहेब रोज सकाळी त्याच्यापुढे उभे राहत आणि वहिनी त्या दिवसांत देवाच्या फुलांवरून बोलत नसत. दिवाळीनंतर खुंटाला टोकाशी हिरवं टोचलं. पुढच्या पावसात त्याने असे पाय रोवले की आजी म्हणाली, "आता हा माजा भाडा नाय द्यायचा." झाड रुंद झालं, काळंभोर झालं. फूल नव्हतं. भाऊसाहेब म्हणत, "मुळं आधी सरळ होऊ देत. इतकी वर्षं गोल फिरलीत ती."

मुळं सरळ होत होती आणि ऐन उन्हाळ्यात हुकूम आला. मोखाडा.

त्यांनी घाईने एका फांदीला गुटी बांधली. गुटी पावसाळ्यात धरते हे त्यांनीच मला शिकवलं होतं. गोणपाटाचा ओला गोळा दुपारपर्यंत खडखडीत वाळे, ते संध्याकाळी भिजवत. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी तो सोडून पाहिला, आत एकही मूळ नव्हतं. फांदीची साल त्यांनी शेण-मातीने लिंपली. दुसऱ्या दिवशी बैलगाड्या आल्या, डबे चढले. भाऊसाहेब न्हाणीच्या बाजूला फिरकले नाहीत. वहिनी गेल्या, एक तांब्या पाणी ओतून आल्या आणि गाडीत बसल्या. या वेळी त्यांच्या मांडीवर काही नव्हतं. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नसल्यासारखं वाटत होतं.

चाफा त्याच पावसाळ्यात फुलला. तिन्हीसांजेला आजी पडवीतून ओरडली, "कोन आला रे अत्तर लावून?" आम्ही दिवा घेऊन न्हाणीमागे गेलो. पानांच्या आत, खाली मान घालून, एकच फूल. मी भाऊसाहेबांना कार्ड टाकलं. त्यांचं उलटटपाली उत्तर आलं: कळी किती दिवस होती, आणि पाणी कोण घालतं. अभिनंदन वगैरे स्वीकारल्याचं त्यात काही नव्हतं.

पुढे ते निवृत्त झाले आणि शहापूरला आले. आंब्याखालची ती जागा कधीच दुसऱ्या कोणाची झाली होती. बाजारपेठेत एका माडीवर दोन खोल्या मिळाल्या. माडीला अंगण नसतं. डबे त्यांनी मोखाड्यातच वाटून टाकले होते. वहिनींचे गुडघे धरले होते. त्यांना जिना उतरवत नसे, मग एसटी कुठली. हे मला भाऊसाहेबांनीच सांगितलं, कारण ते एकदा मुरबाडला आले. आले त्याच्या आदल्या रात्रीच दोन फुलं उमलून गेली होती. पाकळ्या मातीत तपकिरी होऊन पडल्या होत्या. त्यांनी त्या वेचल्या, वास घेतला आणि झाडाच्या बुंध्याशी ठेवल्या.

"गुटी बांधून ठेवू का?" मी विचारलं. "पाऊस आहे, धरेल."

"नको. आता डब्यात नाही घालायचा त्याला."

त्यानंतर ते पुन्हा आले तो श्रावण होता. दुपारच्या गाडीने आले, माझ्या खोलीत टेकलेही नाहीत, सरळ न्हाणीमागे. झाड आता कौलांना लागलं होतं. वाकून, पानं एकेक वर उचलून ते खालून कळ्या बघत होते. बऱ्याच होत्या. हिरव्या, घट्ट; त्या तोडल्या तर तशाच मिटून काळ्या पडतात. शेवटी एका कळीशी थांबले. वरची हिरवी पाकळी सैल होऊन आतलं पांढरं जरासं दिसत होतं.

"ही आज उमलणार," ते म्हणाले.

शहापूरची शेवटची गाडी दिवे लागायच्या आत सुटे. किन्हवली, शेणवा करत पोचायला अंधार. हे सगळं मनाशी मांडूनच ते आले असणार. थांबले तर झाडावर उमललेली पाहायला मिळाली असती. लावल्यापासून त्यांनी त्या झाडाचं उमलतं फूल पाहिलं नव्हतं.

"र्‍हावा की आजचा दिस," आजी म्हणाली. ती आता काठीवर आली होती. "भाकर खाऊन सकाळी जावा."

"ती एकटी आहे, आजी. आणि सकाळी काही उरत नाही याचं."

"मंग तोडा."

भाऊसाहेबांनी हात पुढे केला. कळीच्या देठाशी बोटं गेली, बाजूचं एक पान सारखं केलं आणि हात तिथेच राहिला. आजीने थोडा वेळ वाट पाहिली.

"तुमाला नाय जमनार. सरा."

तिने काठी माझ्याकडे दिली, वाकली आणि देठ नखाने खुडला. मग कमरेच्या पिशवीतून दोरा काढून कळीला सैलसा गुंडाळला. "वैनीला सांगा, उमलली का मंग सोडवायचा. आधी नाय."

मी त्यांना एसटीपर्यंत पोचवायला गेलो. वाटेत ते खड्डे बघून चालत होते. गाडी भरलेली होती, पण खिडकीशी जागा मिळाली. कंडक्टर म्हणाला, "काका, पिशवी वर टाका, माणसं उभी आहेत." त्यांनी पिशवी वर दिली. कळी कुठे ठेवावी हे काही क्षण त्यांना सुचेना; हातात धरली तर ऊब लागणार, मांडीवर ठेवली तर घरंगळणार. मग त्यांनी डोक्यावरची काळी टोपी काढली, उलटी केली, तळाशी ओला रुमाल घातला आणि त्यात ती ठेवली.

त्यांना उघड्या डोक्याने मी कधी पाहिलं नव्हतं. केस सगळे पांढरे झाले होते. मी "जपून जा" म्हणालो, ते त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. गाडी सुरू झाली, हिसका बसला, तसे दोन्ही हात टोपीच्या कडांवर घट्ट झाले. पुढच्या वर्षी माझीच बदली झाली, त्यामुळे त्यांची आणि माझी ती शेवटचीच भेट. गाडी वळणावर जाईपर्यंत मी उभा होतो. शेजारचा माणूस वाकून त्यांना काहीतरी विचारत होता. ते मान वर न करता टोपीत बघत होते, आणि बाहेर अजून उजेड होता.